पलंग मागायचा कसा, वहिनी?

वहिनी, तुमच्या शोकसभेत मी जे बोललो ते तुम्ही ऐकलं नाही, हे एका अर्थानं बरंच झालं. ऐकलं असतं तर तिथल्या तिथं उठून बसला असता, आणि मग ती शोकसभा राहिली नसती.

झालं असं, की गावात निरोपसमारंभ असो, वाढदिवस असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, माईक माझ्या हातात द्यायची लोकांना सवय आहे. मलाही तो घ्यायची. त्या दिवशीही कुणीतरी दिला. मी बरा बोलत होतो. दोन-तीन बायकांनी डोळ्याला पदर लावला, तेव्हा तर मला जरा जोरच चढला. शेवट मात्र तोंडाच्या सवयीनं केला. "तर अशा आपल्या विमलवहिनी. त्यांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा देऊन मी माझे दोन शब्द संपवतो."

मागं दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्यांनाही सवय.

संपत पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तो रागावला की हसला, मला अजून कळलेलं नाही. बायको गेलेल्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही. आणि संपतचा तर आधीही येत नव्हता. मी खाली उतरलो तशी आपलं इंदापूरकडचं काम बघणारी प्रज्ञा कानाशी आली. "काका, तुम्ही बोलू नका. लिहा. लिहिलेलं खोडता तरी येतं."

म्हणून लिहितोय. पण काय खोडावं आणि काय ठेवावं हेच कळेनासं झालंय. तुमच्याशी बोलायची सवय अशी, की प्रत्येक वाक्यानंतर मी थांबतो. मध्ये तुमचं काहीतरी तिरकं यायला पाहिजे. ते येत नाही, आणि माझं वाक्य तसंच लोंबकळत राहतं.

खरी अडचण पलंगाची होती. तुमच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून, आपल्या गोठ्यातला पलंग उभा होता. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येणारा, शेवटचं दुखणं तुम्ही ज्याच्यावर काढलंत तो. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावाला गेले; पलंग तिथंच. आणि तिकडं लोणी देवकरच्या अलीकडं एका वस्तीवर एक म्हातारी कंबर मोडून जमिनीवर पडलेली. तिच्या पाठीला जखमा व्हायला लागलेल्या. तिची सून प्रज्ञाला रोज फोन करायची. आपले बाकीचे पलंग सगळे कुठं ना कुठं माणसाखाली होते. म्हणजे तुमच्या घरचा पलंग आणायला कुणीतरी जायला पाहिजे होतं. आणि टेम्पो माझा.

नियम तुम्हीच घातलेला. माणूस गेलेल्या घरी पलंग मागायचा नाही. जायचं, बसायचं, दिलेला चहा प्यायचा, आणि घरच्यांनी आपणहून 'न्या' म्हणेपर्यंत पलंगाचा विषय काढायचा नाही. हा नियम दुसऱ्यांच्या दारात पाळताना मी तुम्हाला मनातल्या मनात फार शिव्या घातल्यात. आता तो तुमच्याच दारात पाळायचा होता, आणि शिव्या घालायला तुम्ही नव्हता.

गोठा म्हणजे काय, हे नव्या माणसाला समजावून सांगताना अजून माझी फजिती होते. बारामतीच्या एका डॉक्टरांनी मागं एका शहरातल्या सुनेला सांगितलं, "सासऱ्यांना घरी न्या, आणि पलंगासाठी कन्हेरीच्या गोठ्यात विचारा." ती बाई फोनवर माझ्यावर असली भडकली! "आमच्या माणसाला काय जनावरांत ठेवायचंय का?" मी म्हणालो, "नाही ताई, जनावरं आम्ही बाहेर काढलीत." त्यानं ती शांत व्हायच्या ऐवजी तिनं फोनच ठेवला.

पण खरं तेच होतं. संपतनं त्याच्या आईसाठी पलंग विकत आणला होता. आई गेली, आणि पलंग घरात नको म्हणून गोठ्यात उभा केला. कुणाचा तरी बाप उसाच्या बांधावरून घसरला, तो पोरगा विचारत आला, तुम्ही देऊन टाकलात. त्या घरातनं तो परस्पर दुसऱ्या घरी गेला, तिथनं तिसऱ्या. वर्षभरानं परत आला तेव्हा एकटा आला नाही. कुणी त्याच्याबरोबर वॉकर पाठवला, कुणी व्हीलचेअर, कुणी कमोडची खुर्ची. ज्याच्या घरातलं माणूस जायचं तो आपल्याकडचं सामान गोठ्यात आणून सोडायचा. हळूहळू म्हशी बाहेर आल्या. संपत दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "बघा, माझ्या म्हशी उनात आणि लोकांच्या खुर्च्या सावलीत!"

"म्हशी दूध देत्यात, त्यास्नी ऊन चालतंय," तुम्ही आतनं ओरडायचात. "तुमी काय देताय?"

मी यात कसा आलो? दूध कंपनीतली नोकरी संपली होती, भाजी वाहायला म्हणून मी छोटा टेम्पो घेतला होता, आणि भाजीवाल्यांनी महिन्याभरात ओळखलं होतं की माझ्या टेम्पोत बसलेला टोमॅटो बाजारात पोचेपर्यंत चटणी होतो. तुम्ही दारात उभ्या राहून गोड आवाजात विचारलंत, "भावजी, टेम्पो रिकामाच उभा असतोय न्हवं?" तुमचा आवाज गोड झाला की पळून जायचं, हे संपतनं मला तुमच्या लग्नानंतर आठवड्याभरात सांगितलं होतं. मी विसरलो.

मग एमआयडीसीतली पोरं आली. शिफ्ट सुटली की मोटारसायकलवर सामान पोचवायची. पुढचा गाडी चालवतोय आणि मागचा कमोडची खुर्ची डोक्यावर धरून बसलाय, अशी वरात भर बारामतीतनं निघायची. लोक बघायचे. पोरं लाजायची नाहीत. उलट एकानं मला सांगितलं, "काका, ही खुर्ची डोक्यावर आसली की गर्दी आपोआप बाजूला हुती." त्यात एकदा मागं बसायची पाळी माझ्यावर आली आणि चौकात मला माझे व्याही भेटले. त्यांनी नमस्कार केला. मला हात जोडता येईनात. ते आजही मला त्या खुर्चीवरूनच ओळखतात.

मागायचं नाही, ही विद्या तुम्ही मला टेम्पोत बसून शिकवलीत.

"आत गेल्यावर काय म्हणायचं?" मी विचारलं.

"काय बी न्हाय."

"मग कशाला आलोय म्हणून सांगायचं?"

"त्यास्नी ठावं असतंय."

"आणि त्यांनी विषय काढलाच नाही तर?"

"तर चहा पिऊन माघारी यायचं. फुकटचा चहा मिळतोय, रडताय कशाला?"

तुम्हाला ते जमायचं. तुम्ही बायकांत जाऊन बसायचात, कुणीतरी लसूण सोलत असायचं, तुम्ही ताटली आपल्याकडं ओढायचात. म्हशीचं बोलणं निघायचं, नातवाच्या शाळेचं निघायचं. गेलेल्या माणसाचं कुणी काढलं तर तुम्ही ऐकायचात, नाही काढलं तर लसूण सोलायचात. मी बाहेर पुरुषांत कारखान्याच्या उसतोडीवर मतं देत बसायचो. आणि कधीतरी आतनं आवाज यायचा, "वैनी, त्यो पलंग न्या बया आता. त्या खोलीत पाय ठेववत न्हाय." तुम्ही नुसतं "बरं" म्हणायचात, जणू शेजारीण वाटी परत देतेय.

मी एकटा गेलो तेव्हा काय झालं ते सांगून तुम्हाला पुन्हा हसवायचंय. तुम्हाला ताप होता. एका वस्तीवरचे आबा आता काही राहत नाहीत, असा निरोप येऊन बरेच दिवस झाले होते. मी पोचलो तर दारात मांडव, मांडवात लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, माणसं बसलेली. मी टेम्पो लांब लावला, टोपी नीट केली, तोंड पाडलं आणि एका खुर्चीवर जाऊन बसलो. शेजारच्या गृहस्थाला हळूच म्हणालो, "फार वाईट झालं."

तो म्हणाला, "व्हय, पण पोरीनंच पसंत केलाय. आता काय करता?"

मला वाटलं, दुःखानं माणूस भरकटलाय. मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. मग आतनं मला बोलावणं आलं. आत आपल्या पलंगावर, डोक्याकडची बाजू पार वर करून, आबा फेटा बांधून बसलेले. नातीचा साखरपुडा. माझ्याकडं बघून म्हणाले, "कोण रं ह्यो? असं तोंड करून का बसलाय? जेवला न्हाय का?"

मी जेवलो. बुंदी दोनदा घेतली. निघताना त्यांनी मला टॉवेल-टोपी दिली. तुम्ही तापातसुद्धा इतक्या हसलात की संपत धावत आला. "पलंग न्हाय आणला," तुम्ही डोळे पुसत त्याला सांगितलंत, "पण आहेर आणला बघा भावजींनी!"

प्रज्ञा आली आणि गोठा इंदापूरकडं पसरला. तिचे वडील आपल्या पलंगावर गेले होते. पलंग परत द्यायला ती स्वतः आली. धुऊन पुसून, वर नवी गादी टाकून. पुढच्या रविवारी पुन्हा आली, काही काम आहे का विचारायला. लोणी देवकरला कंपनीत माल तपासायचं काम करणारी मुलगी. तिला गोठ्यातली एकही वस्तू धड वाटली नाही. कुठल्या वॉकरचं रबर झिजलंय, कुठल्या खुर्चीचा पाय हलतोय. पहिल्या दिवशी तिनं निम्मं सामान 'रिजेक्ट' केलं. तुम्ही म्हणालात, "पोरी, आमालाबी तपासून बघ. भावजी नक्की रिजेक्ट हुत्याल." तिनं तिकडं तिच्या पडवीत दुसरा गोठा सुरू केला. तिथं कधी म्हैस नव्हती, पण लोक त्यालाही गोठाच म्हणतात.

आणि तिच्याबरोबर तो वाद आला. तुमचा-तिचा, जो कधी संपलाच नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. दोन तालुके झाले, मागणारे वाढले, आता मुदत ठरवा. माणूस गेल्यावर इतक्या दिवसांत पलंग परत. तुम्ही ताडकन म्हणालात, "माणसाच्या दुःखाला तारीख घालतीस व्हय गं?"

"आणि जमिनीवर पडलेल्या माणसाच्या पाठीला?" ती म्हणाली.

  मला दोघींचंही पटलं. तुमच्या घरी चहा घेताना तुमचं पटायचं, तिच्या घरी घेताना तिचं. तुम्ही मला त्यावरनं विचारलंतही, "भावजी, तुमचं सोताचं मत काय हाय?" मी म्हणालो, "मी टेम्पो आहे." टेम्पोला मत नसतं, असं मला वाटत होतं.

पण वहिनी, तुमचाही नियम तुम्ही मोडलेला मी बघितलाय. एका घरी सकाळी आजोबांना नेलं होतं, संध्याकाळ व्हायची होती, चूलसुद्धा पेटली नव्हती. तुम्ही सरळ आत गेलात आणि म्हणालात, "पलंग आज नेते." मी चाट पडलो. कुणी हूं की चूं केलं नाही. आम्ही पलंग टेम्पोत टाकला. येताना मी विचारलं, "वहिनी, हे काय?" तुम्ही म्हणालात, "तुमी रस्त्याकडं बघा."

मी रस्त्याकडं बघितलं. आजपर्यंत बघतोय. प्रज्ञा म्हणते, त्या घरातल्या सुनेनं वर्षानुवर्षं त्या पलंगाच्या पायाशी काढली होती. तिला तो त्या क्षणी डोळ्यांसमोरनं जायला हवा होता, ते तुम्हाला दिसलं. संपत म्हणतो, दुसरीकडं कुणीतरी अडलं असणार. मला वाटतं त्या दिवशी तुमचं डोकं दुखत होतं. तुम्ही सांगितलं असतं तर आज मला एवढा घोळ पडला नसता. माझ्याकडं तुमचा नियमही आहे आणि तुमचा अपवादही आहे, पण कुठला कधी वापरायचा हे सांगणारं कुणी नाही.

मग तुम्हीच अंथरुणाला खिळलात, आणि गोठ्यातला पलंग तुमच्यासाठी आला. आणायला मीच होतो, आणि वाटेत मी दोन विनोद तयार ठेवले होते. एकही करावा लागला नाही, कारण तुम्हीच सुरू झालात. पहिल्या रात्रीनंतर सकाळी मी आलो तर तुम्ही चिडून लाल.

"भावजी, ह्यो पलंग टोचतोय!"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? हितं, कमरंत! मधला गज वर येतोय. इतकी वरसं आपण लोकांना ह्याच्यावर झोपवतोय आणि एकजण बोलला न्हाय. सगळी म्हणायची, लई चांगला हाय पलंग, लई आराम पडला. खोटारडी!"

संपत कोपऱ्यातनं म्हणाला, "फुकट दिलेल्याला कोण नावं ठेवणार?"

तुम्ही त्याच्याकडं बघत राहिलात. मग मला म्हणालात, "सगळ्या पलंगास्नी मधी जाड फोम टाकून घ्या. आजच." प्रज्ञाला फोन लावून सांगितलंत, "तू एवढं तपासतीस, कवा आडवी हून बघितलंस का गं?" ती त्या रविवारी खरंच प्रत्येक पलंगावर झोपून बघत होती. मीही झोपलो. मला झोपच लागली, ते सोडा.

त्या दिवसांत मी रोज येत होतो, हँडल फिरवायला. वास्तविक हँडल संपतही फिरवायचा, माझ्यापेक्षा चांगलं. तुमची कूस बदलायची, पाठीमागं उशी लावायची, सगळं तो शिकला होता. गोठ्याच्या कामाला कधी हात न लावलेला माणूस. मला तिथं काम नव्हतं, तरी मी यायचो. एकदा तो चहा करायला आत गेला होता. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "भावजी, मी गेल्यावर ह्यांना..."

तेवढ्यात संपत कप घेऊन आला. तुम्ही लगेच म्हणालात, "किती साखर घालताय हो? मुंग्या लागतील मला."

पुढचं वाक्य काय होतं, वहिनी? मी फार डोकं लावलंय. ह्यांना एकटं सोडू नका? ह्यांना गोठा बंद करू देऊ नका? ह्यांना म्हशी परत आत बांधू द्या? यातलं काहीही असू शकतं, आणि काहीतरी चौथंही. दुसऱ्या दिवशी विचारीन म्हटलं, दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपला होता.

तेराव्यानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा संपत पलंगाच्या कडेवर बसला होता. डोक्याकडची बाजू तुम्ही ठेवायचात तेवढीच वर. पलंगावर त्याचा मोबाईलचा चार्जर, टॉवेल, गोळ्यांची पिशवी.

"झोपतोस का ह्याच्यावर?" मी विचारलं.

"न्हाय. बसतो."

आम्ही उसाला पाणी देण्यावर बोललो. लाईट रात्रीची येते त्यावर बोललो. मी चहा पिऊन माघारी आलो. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. वाटेत प्रज्ञाचा फोन आला, मी उचलला नाही.

पुढच्या वेळी मी तेलाची बाटली नेली. म्हटलं, हँडलला तेल घालतो, तेवढ्यात त्याला आठवेल की हा पलंग कुठला आहे. मी खाली बसून हँडलशी खटपट करत होतो. संपत वरनं बघत होता.

"इलास, त्याला तेल म्या कालच घातलंय."

"हो का? तरी म्हटलं बघावं."

"तेल घालाय टेम्पो आणलास व्हय?"

मी पुन्हा माघारी आलो. येताना तेलाची बाटली तिथंच विसरलो. खरं सांगू का वहिनी, मी पलंगासाठी जात होतो की तुमच्यासाठी, हे मलाच कळत नव्हतं. त्या खोलीत तो होता तोवर वाटायचं, तुम्ही आत कुठंतरी गेलाय, लसूण सोलताय. पलंग आणला की ती खोली रिकामी होणार होती. संपतनं 'न्या' म्हणू नये असं मलाच वाटत होतं. आणि मग त्या म्हातारीची पाठ आठवायची, जी मी बघितलेलीसुद्धा नव्हती.

परवा प्रज्ञा म्हणाली, "मी येते."

आम्ही दोघं गेलो. बसलो. चहा आला. मी रस्त्याच्या कामाबद्दल काहीतरी बोललो. प्रज्ञानं कप खाली ठेवला.

"संपतकाका, एक बाई जमिनीवर आहे. तिकडं, आमच्याकडं. पलंग एकही शिल्लक नाही."

मी तिच्याकडं बघेना, संपतकडं बघेना. भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं तर अजिबातच नाही.

संपत म्हणाला, "तिचा नेम तिच्याच घरात मोडतीस व्हय?"

"मी मागत नाही, काका. मागायचं नाही हे मला माहितीय. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं." तिनं कप पुन्हा उचलला. "नाही दिलात तरी मी काही म्हणणार नाही."

वहिनी, त्या वेळी तुम्ही तिच्या बाजूनं बोलला असता की संपतच्या, मला खरंच सांगता येत नाही. मी उभ्या टेम्पोसारखा बसून होतो.

संपतनं विचारलं, "कूस कोण बदलतंय तिची?"

"सून. एकटीच आहे."

"एकटीला न्हाय जमत ते. पाठीमागं उशी घालतीय का?"

"माहीत नाही."

"म्हंजे कुणी शिकवलंच न्हाय तिला." तो उठला. पलंगावरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला, चार्जर काढला, गोळ्यांची पिशवी खिडकीत ठेवली. मग खाली बसून हँडल फिरवायला लागला. डोक्याकडची बाजू हळूहळू खाली आली. सपाट झाल्यावरही तो जरा वेळ हँडल धरून बसला. "उचल की इलास, बघत काय बसलायस?"

टेम्पोत पुढं तो माझ्या शेजारी बसला. तुमच्या जागी. मी त्याला मागं बस म्हणणार होतो, का ते विचारू नका. प्रज्ञा स्कूटरवर पुढं निघाली. जंक्शन गाव मागं गेलं. रस्ता चांगला होता तरी मी टेम्पो इतका जपून चालवत होतो की मागनं ट्रॅक्टरवाला हॉर्न मारून पुढं गेला. संपत एवढंच म्हणाला, "पलंग हाय मागं. काच न्हाय."

वस्तीवर पोचलो. दोन खोल्यांचं घर, दारात शेळी. पलंग आत नेऊन उभा केला, फोम टाकला, त्यावर गादी. म्हातारीला आम्ही चौघांनी चादरीसकट उचलून वर ठेवलं, आणि ती इतका मोठा उसासा सोडून पडली की सुनेचा हात तोंडावर गेला. मग संपत सुनेला शिकवायला लागला. "असं बघा. एका हातानं खांदा, एका हातानं कंबर. वढायचं न्हाय, आपल्याकडं वळवायचं. आता उशी. न्हाय, एवढी आत न्हाय." त्याच्या तोंडून एका वेळी इतके शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते.

म्हातारी त्याचा चेहरा बघत होती. म्हणाली, "ह्याच्यावर आधी कोण हुतं रं बाबा?"

हा प्रश्न आपल्याला घराघरात विचारतात. कुणी भीतीपोटी विचारतं, की ह्याच्यावर मेलं असेल का कुणी. आणि कुणाला आधीचं घर कुठल्या आळीतलं होतं हे काढून घ्यायचं असतं. म्हणून तुम्ही सगळ्यांना बजावून ठेवलेलं की सांगायचं नाही, कुणालाच नाही. माझं उत्तर पाठ आहे. मी पटकन म्हणालो, "नवीन हाय, आज्जी. कोरा."

"न्हाय," संपत म्हणाला. "माझी मालकीण हुती."

सुनेचा हात गोधडीवरच थांबला. प्रज्ञा माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं आता म्हातारी म्हणेल, उतरवा मला. आम्ही तिला परत खाली कसं ठेवणार, इथपर्यंत माझं डोकं पोचलं.

"कवा गेली?" म्हातारीनं विचारलं.

"आत्ताच."

"तरास झाला का लई?"

"शेवटाला न्हाय झाला."

 म्हातारीनं हातानं गोधडीचा काठ आपल्याकडं ओढून घेतला, पलंगाच्या कडेला थोडी जागा केली, आणि त्या जागेवर दोनदा हात आपटला. "मग उभा का हायस? बस की घटकाभर."

संपत बसला.

मी बाहेर येऊन शेळीजवळ उभा राहिलो. तुमचा एक नियम घरी मोडला, दुसरा इथं मोडला, आणि तुम्ही कुणावर ओरडला असता ते मला ठरवता येईना. थोड्या वेळानं प्रज्ञाही बाहेर आली. ऊन उतरलं. सुनेनं आत दिवा लावला. कन्हेरी लांब होती, प्रज्ञाला सकाळची शिफ्ट होती, म्हातारीला झोप येत होती. आत संपत तसाच कडेवर बसलेला, आणि वहिनी, आम्हा दोघांपैकी कुणालाच त्याला 'चल' म्हणवेना.